ठेव : मुलगी, वय ७

सोमवार, ३

नवी नोकरी, नवी वही. वही भिंगरीने दिली. ऑफिसात काय केलंस म्हणून ती रोज विचारते आणि मी रोज 'काम' एवढंच सांगते, तर आता निदान लिहून तरी ठेव असा तिचा हुकूम आहे. सात वर्षांची पोर आईला असं झाडते आणि आजी बाजूला बसून मान डोलावते. आम्ही तिघी एका घरात असल्या की माझं मत कोणी विचारतच नाही.

इमारत चार मजली, जुनाट पण स्वच्छ. जिन्याच्या वळणावर एक मोठी खिडकी आहे, तिच्यातून समोरच्या शाळेचं पटांगण दिसतं. दारावरच्या पहारेकरी मामांनी विचारलं, नवीन का? मग गंभीर चेहरा करून म्हणाले, लिफ्टवर विश्वास ठेवू नका, तीही माझ्यासारखीच, वर जाताना कुरकुरते. मी जिना चढेपर्यंत हसत होते.

तिसऱ्या मजल्यावर माणसं मोजकीच. खोलीत बसणारे साहेब, कानात इयरफोनची बोंडं घालून कोड लिहिणारे चौघे, आणि सगळ्यांचं काम तपासणाऱ्या एक वयस्कर बाई, ज्यांना सगळे मावशी म्हणतात. माझ्या जागेवर आधी होते ते मास्तर. त्यांनीच काम समजावून दिलं.

काम असं. एकाच्या मशीनवर चालणारा प्रोग्राम दुसऱ्याच्या मशीनवर रुसून बसतो. म्हणून प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरायचं. त्याला कंटेनर म्हणतात. डब्यात काय काय भरायचं ते एका फाइलीत ओळीने लिहिलेलं असतं, तिला इथे 'कृती' म्हणतात. रोज दुपारी बाराच्या ठोक्याला यंत्र कालचा डबा फेकतं आणि कृती वाचून नवा, कोरा डबा बांधतं. कृतीत लिहिलेलं येतं, न लिहिलेलं येत नाही. कृतीत कोणी बदल केला तर दुसऱ्या कोणीतरी तो वाचून मंजूर करायचा. स्वतःचा बदल स्वतःला मंजूर करता येत नाही, अगदी साहेबांनासुद्धा.

कृतीच्या पहिल्या ओळीत चालकाचं नाव असतं. तिथलं मास्तरांचं नाव काढून माझं घातलं आणि मावशींनी ते मंजूर केलं. तेव्हा मास्तरांनी इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं, आता खुर्चीतून घरंगळतात. नोकरीचा फॉर्म भरताना 'घरी कोण कोण' अशी एक चौकट होती. मी लिहिलं, आई, वय ६४. मुलगी, वय ७. मास्तर माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, चौकट लहान आहे, पण भरपूर लिहा, मावेल. मी म्हटलं, फॉर्म आहे, निबंध नाही.

मंगळवार, ४

पहारेकरी मामांनी आज पुन्हा विचारलं, नवीन का? आणि पुन्हा तोच लिफ्टचा विनोद. मी पुन्हा हसले. वय झालंय बिचाऱ्यांचं.

मास्तर आले नाहीत. काल निरोपसुद्धा घेतला नाही, जाकीट खुर्चीवरच राहिलंय. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, कोण मास्तर? काहीतरी वाजलेलं दिसतंय. नवीन माणसाने असल्या भानगडीत नाक खुपसू नये.

दिवसभर कृती वाचली. साडेतीनशे ओळी! बांधायला चाळीस मिनिटं लागतात. मला पसारा सहन होत नाही, आई म्हणते मी लहानपणी पाहुण्यांच्या चपलासुद्धा ओळीत लावायचे. कृतीच्या शेवटी त्रेचाळीस ओळी तर निव्वळ गंमत आहे. 'ठेव : खिडकी, जिन्यातली.' 'ठेव : पहारेकरी, विनोदी.' 'ठेव : साहेब.' 'ठेव : मावशी, गुडघा दुखतो.' आणि अगदी तळाला, कालच्या फॉर्ममधून आपोआप येऊन पडलेल्या, 'ठेव : आई, वय ६४' आणि 'ठेव : मुलगी, वय ७.' या सगळ्याच्या वर मास्तरांची सूचना, 'यांना हात लावू नये. नीट लिहायला हवं होतं.' सूचना कितीही गंभीर असो, लिहिणाऱ्याला डोकं असतंच असं नाही.

शुक्रवार, ७

मावशींच्या गुडघ्याची गोष्ट आता मला पाठ झाली आहे. चार दिवस रोज दुपारी ऐकते आहे, त्याच जागी थांबून, त्याच जागी उसासा टाकून. चौथ्यांदा मीच शेवट सांगितला तर त्या चकित झाल्या, तुला कसं कळलं म्हणे. साहेब रोज बारानंतर खोलीबाहेर येतात आणि माझं स्वागत करतात. एकदा स्वागत झालं की माणूस जुना होतो असं मला वाटायचं. पण प्रेमळ आहेत सगळे, तक्रार काय करायची?

घरी मोठी बातमी. भिंगरीचा पुढचा एक दात पडला. आठवडाभर हलत होता, आज शाळेत फळ्यासमोर उभी असताना हातात आला. काडेपेटीत ठेवलाय आणि काडेपेटी उशाखाली. आता 'स' म्हणताना शिट्टी वाजते, म्हणून मुद्दाम 'स'चेच शब्द शोधून बोलते आहे. आजीला हसून हसून ठसका लागला.

सोमवार, १०

आज कृती साफ केली. तीनशे पन्नासच्या एकशे दहा ओळी. मास्तरांची गंमतही काढली. घरच्या माणसांची माहिती कोडमध्ये कशाला हवी? उद्या कोणाच्या हाती लागली तर? फक्त चालकाची ओळ ठेवावी लागली, तिच्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही.

बदल मावशींकडे पाठवला. दहा ओळींचा बदल असला की लोक दहा शंका काढतात, अडीचशे ओळींचा असला की डोळे मिटून 'ठीक दिसतंय.' मावशींना अकरा सेकंद लागले, मी मोजले.

चाळीस मिनिटांची सहा मिनिटं झाली! साहेबांनी टाळ्या वाजवल्या, चौघांनी कानातली बोंडं काढली. जुन्या डब्याचे थर यंत्राने साठवून ठेवलेले असतात, ते एकदम जात नाहीत. रोज बारा वाजता थोडे थोडे फेकले जातील. आठवड्याभरात सगळं लख्ख.

बुधवार, १२

जिन्यातली खिडकी दिसली नाही. तिथे भिंत आहे. नवी भिंत असती तर समजलं असतं, पण हिचा रंग उडालेला, कोपऱ्यात जुनं जाळं. साहेबांना विचारलं, तर म्हणाले इथे खिडकी कधीच नव्हती. मी दुसऱ्या मजल्यावर उभी राहिले, चौथ्यावर जाऊन आले. कदाचित माझाच गोंधळ झाला असेल. आठवडाच तर झालाय.

गुरुवार, १३

दारावर मामा नाहीत. खुर्ची नाही, खुर्चीने पडलेले लादीवरचे ओरखडेही नाहीत. साहेब म्हणाले, आपल्याकडे पहारेकरी ठेवण्याची पद्धतच नाही.

बारा वाजून गेल्यावर चौघांच्या टेबलांकडे पाहिलं. टेबलंच नव्हती. मावशी तिथेच उभ्या राहून मला गुडघ्याची गोष्ट सांगत होत्या.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, नव्या नोकरीचा ताण आहे, लवकर झोप. भिंगरीने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि डॉक्टरसारखं तोंड केलं. झोपताना नेहमीसारखा माझा कान धरला, आणि मला बरं वाटलं.

शुक्रवार, १४

आज साहेब. बारा वाजता मी त्यांच्या खोलीच्या काचेसमोर मुद्दाम उभी होते. ते फोनवर बोलत होते. मग तिथे कागदांचे गठ्ठे होते आणि धूळ होती.

मी काढलेल्या त्रेचाळीस ओळी छापून समोर ठेवल्या. वरून खाली. आधी बारीकसारीक सामानाच्या ओळी, मग खिडकी. पहारेकरी. चौघे. साहेब. त्याच क्रमाने. साहेबांच्या खाली मावशी. मावशींच्या खाली आई. आईच्या खाली शेवटची ओळ.

रोज एक पायरी. उद्या शनिवार, मावशी. रविवारी आई. सोमवारी बारा वाजता माझी भिंगरी.

ओळी परत घातल्या. घाईत दोनदा चुकले. मावशींनी मंजुरी दिली, 'ठीक दिसतंय.' देव त्यांचं भलं करो. पण बांधणी अडतीसाव्या मिनिटाला कोसळली. मास्तरांच्या वेळचं पायाचं सामान आता कुठेच मिळत नाही. त्या ओळी ज्या पायावर उभ्या होत्या, तो मीच जुना म्हणून मोडला. मुलीची एकटी ओळ घालून पाहिली. तीही उभी राहत नाही. प्रत्येक थर खालच्या थरावर बसतो.

पाया नव्याने रचावा लागेल. दोन दिवस.

शनिवार, १५

पहाटेपासून ऑफिसात. यंत्राची वायरच उपटली. पाच मिनिटांत दुसऱ्या शहरातलं यंत्र जागं झालं आणि तेच काम पुढे चालू. ती सोय माझीच, पहिल्या आठवड्यात मिरवत केलेली. एक पडलं तर दुसरं उभं राहावं, म्हणून.

मावशी साडेअकराला आल्या. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि हात धरून ठेवला. सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मग म्हणाल्या, अगं, माझा गुडघा —

हात माझ्या हातात होता. मग माझी मूठ होती.

मजल्यावर आता मी एकटी. पाया अर्धा झालाय. पण मंजुरी कोण देणार? स्वतःची स्वतःला देता येत नाही.

रविवार, १६

घरीच बसून काम. आईला सगळं सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही, पण माझ्याजवळ बसली. पावणेबाराला म्हणाली, तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस. स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला. मग आला नाही.

भिंगरी चित्र काढत होती. मी ओरडले, आजी कुठे गेली? तिने मान वर करून विचारलं, कोण आजी?

तिच्या चित्रात दोनच बायका होत्या. एक मोठी, एक लहान. शेजारी बरीच जागा मोकळी.

दुपारी तीन. पाया झाला. बांधणी पूर्ण होते आहे, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ओळी उभ्या. आता फक्त मंजुरी. यादी उघडली. कृतीत ज्याची ओळ किंवा थर शिल्लक, त्यालाच मंजुरीचा हक्क. यादीत एकच नाव. 'मुलगी, वय ७.'

आईचंही नाव असणार तिथे, काल. मी पाहिलंच नाही.

भिंगरीला मांडीवर घेतलं. तिला म्हटलं, हे हिरवं बटण दाब. ती म्हणाली, वाचल्याशिवाय सही करायची नाही असं तूच सांगतेस. आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागली, 'स' आला की शिट्टी. साहेब. सगळ्या त्रेचाळीस. शेवटची वाचून विचारलं, ही मुलगी म्हणजे मी ना? मग एवढंच का लिहिलंय?

मी म्हटलं, पुरतं तेवढं. दाब.

तिने दाबलं. मंजूर. उद्या बाराला नवा डबा. आई परत येईल, भिंगरी जाणार नाही. मी तिचे इतके पापे घेतले की ती वैतागली. आज बऱ्याच दिवसांनी झोप येईल.

सोमवार, १७

भिंगरीला शाळेत पाठवलं नाही. साडेअकरापासून घट्ट धरून बसले होते. तिचे केस माझ्या तोंडात. बारा वाजले. ती होती. तिथेच होती, माझ्या मांडीवर! स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मी रडायला लागले.

मग ती मांडीवरून उतरली. समोर उभी राहिली. हसली.

सगळे दात होते.

म्हणाली, मी मुलगी. वय सात.

आई दारात आली. म्हणाली, मी आई. वय चौसष्ट. मग दोघी मी काय सांगते याची वाट पाहत उभ्या राहिल्या.

मंगळवार, १८

ऑफिसात गेले. खिडकी आहे. मामा आहेत. नवीन का? लिफ्टचा विनोद. मावशींचा गुडघा.

आता कळलं. रोज तेच का बोलत होते. ही माणसं नव्हेतच, ओळी आहेत. खरी माणसं कधीतरी होती. कोणीतरी साफसफाई केली. मास्तरांनी. मग जेवढं सुचलं तेवढं लिहून परत आणली. 'पहारेकरी, विनोदी.' विनोद एकच आठवला असेल.

मास्तरांची ओळ कृतीत कुठेच नव्हती. फक्त चालक म्हणून होती, आणि ती मी काढली. त्यांना माहीत होतं. म्हणून तो श्वास.

नीट लिहायला हवं होतं.

घरी आले. दोघी उभ्याच होत्या.

गुरुवार, २०

हार मानणार नाही. कृतीत लिहिते आहे. भिंगरीच्या ओळीखाली ओळी. मुलगी मंजूर करते, बोट न ठेवता, न वाचता. ठीक दिसतंय.

काल लिहिलं, 'झोपताना आईचा कान धरते.' आज बारा वाजता आडवी झाली आणि माझा कान धरला. संध्याकाळ झाली, अजून धरलाय. कधी सोडायचा ते मी लिहिलं नव्हतं.

डोळे उघडे आहेत. मिटते असं लिहिलं नाही.

शुक्रवार, २१

लिहिलं, 'आजीची चेष्टा करते.' ती करते. आजी हसत नाही. आजीचं कोण लिहिणार? आईला काय आवडायचं? भाजी कुठली? पस्तीस वर्षं तिच्या हातचं जेवले —

फोटो पाहिले. फोटोत एक मुलगी आहे. सात वर्षांची. सगळे दात. कुठलीही.

काडेपेटी उशाखाली आहे. रिकामी.

शनिवार, २२

अकरा वाजून गेले. बाराच्या आत मंजूर व्हायला हवं. वही उघडून शोधते आहे, हीच वही, हिच्यात लिहिलंय तेवढंच उरलंय. आणि मी काय लिहिलं? लिफ्ट. गुडघा. किती ओळी कमी केल्या, किती मिनिटं वाचवली. तिचं दहा ठिकाणी. दहाच.

ठेव : नाव भिंगरी.
ठेव : आईला झाडते.
ठेव : कपाळाला हात लावून ताप पाहते.
ठेव : वाचल्याशिवाय सही करत नाही.
ठेव : 'स' म्हणताना शिट्टी.

शिट्टीसाठी दात पडलेला हवा. खालच्या थरावर वरचा. दात आधी. ठेव : पुढचा एक दात नाही. कुठला? यंत्र विचारतं आहे, कुठला. शुक्रवारी सात तारखेला लिहिलंय, 'पुढचा एक.' एवढंच. एवढंच का लिहिलंय?

आईला विचारलं. ती म्हणाली, मी आई.

मुलगी शेजारी बसली आहे, बोट बटणावर ठेवून. सांगितलं की दाबेल.

पाच मिनिटं. वरचा होता. वरचाच, हसली की आधी तेच दिसायचं. दारातून धावत आली, तोंड उघडून दाखवलं, बघ आई, बघ ना — मी लॅपटॉपमधून मान वर केली, पाहिलं, पाहिलं होतं मी, डावीकडे. डावा. लिहिते, डावा. नाही, ती माझ्यासमोर उभी होती. म्हणजे माझ्या डावीकडचा तो तिचा —